मावशी, रडणं थांबल्याचं कळवलंत म्हणून

मावशी,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. आमच्या घरात तुम्ही 'बसच्या मावशी'च आहात, आणि चारचौघांत नाव घेतलेलं तुम्हाला आवडणार नाही हे एव्हाना मला कळलंय. आभार मात्र चारचौघांतच मानायचेत. ज्यांनी आजवर मला बोल लावले, त्यांनीही ते चारचौघांतच लावले होते.

तो दिवस तुमच्या लक्षातही नसेल. तुमच्या बसमध्ये रोज कुणी ना कुणी रडतच चढतं. त्या दिवशी माझ्या लेकीच्या एका पायात मोजा होता आणि दुसरा हातात. मोज्याची शिवण बोटाला टोचते म्हणून तिनं तो तीनदा काढला, आणि तिसऱ्या वेळी मी ओरडलो. ऑफिसात कुणाशी त्या आवाजात बोललो असतो तर संध्याकाळपर्यंत खुलासा मागणारं पत्र हातात पडलं असतं. घरात सहा वर्षांच्या पोरीवर तो आवाज चढवायला मला कुणाची परवानगी लागली नाही. ती दचकली, मग तिचा ओठ थरथरला, मग भोकाड. तशीच उचलून मी तिला तुमच्या हातात दिली. दप्तर दिलं, बाटली दिली, डबा दिला. 'चुकलं माझं' म्हणायचं तेवढं राहिलं, आणि बसचं दार लागलं.

कामावर जाणाऱ्या आईबापांना हा दिवस वेगळा सांगायला नको. अंगावर इस्त्रीचा शर्ट असतो, डोक्यात साडेनऊची मीटिंग असते आणि डोळ्यांसमोर तो एकच चेहरा. संध्याकाळपर्यंत तोच.

आठ वाजून बारा मिनिटांनी फोन वाजला. अनोळखी नंबर. मनात काय काय येऊन गेलं ते लिहीत नाही. तुम्ही म्हणालात, "बसमधली मावशी बोलतेय. थांबली हो रडायची. दुसऱ्या स्टॉपलाच थांबली. खिडकीत बसून मोजा घालतेय." आणि ठेवलात. माझा 'हो' सुद्धा पुरता ऐकला नसेल तुम्ही. नंतर मी पाहिलं, फोनवर त्या कॉलची लांबी दिसत होती : अकरा सेकंद.

मी जिन्यात होतो. तिथेच पायरीवर बसलो. शर्टाची इस्त्री गेली.

त्या अकरा सेकंदांवर मी नंतर बराच विचार केलाय. लहान मूल निरोपाच्या वेळी आकाशपाताळ एक करतं आणि आपण नजरेआड झालो की बहुतेक वेळा थोड्या वेळात शांतही होतं. मुलं सांभाळणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं. फक्त आईबापांना ते कधी बघायला मिळत नाही, कारण रडणं थांबतं तेव्हा आपण तिथे नसतोच. पोरगी दुसऱ्या स्टॉपवर सगळं विसरून मैत्रिणीला मोज्यावरची फुलं दाखवत असते आणि बाप संध्याकाळपर्यंत ते रडणं वागवत फिरतो. तुम्ही मला ती दुसऱ्या स्टॉपवरची मुलगी दाखवलीत. तुमच्याआधी कुणाला ते सुचलं नाही, आणि मलाही कुणाला विचारायचं सुचलं नव्हतं.

तुमच्याआधीच्यांबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण राहवत नाही. आधीच्या बसवरच्या बाई आम्ही धावत येताना दिसलो की बसभर ऐकू जाईल असं म्हणायच्या, "रोजचंच आहे यांचं." पोरीनं ते वाक्य पाठ केलं होतं. बाहुलीला घेऊन ती घरात 'रोजचंच आहे यांचं' खेळायची. शाळेच्या डायरीत लाल शाईचे तीन शेरे आले, 'पालकांनी वेळेचे भान ठेवावे'. वेळेचं भानच आहे हो, दुसरं काही उरलेलं नाही. ऑफिसात साहेबांनी पावणेनऊची मीटिंग ठेवली आणि वर म्हणाले, "मुलं आम्हालाही होती." होती, साहेब. पण सकाळी त्यांच्या पायात मोजे कोण घालत होतं, ते एकदा घरी विचारून बघा.

इथे एक कबुली द्यायला हवी. बाप असल्यामुळे मला कौतुक फुकटात मिळतं. पोरीची वेणी घालताना एखादा फोटो काढला तर लोक वाहवा करतात. तिची आई रात्रपाळी करून साडेआठला, म्हणजे बस गेल्यावर, घरी पोचते. पोरीची वेणी आम्हा दोघांपैकी तिलाच चांगली जमते, आणि 'सकाळी आई घरी नसते का?' हा प्रश्नही तिलाच विचारला जातो. तुम्ही तो एकदाही विचारला नाहीत, हेही माझ्या हिशेबात आहे.

मग पालकसभेत एका तज्ज्ञांचं व्याख्यान झालं, 'सकाळ आनंदी कशी कराल'. पाऊण तास. सहा ते बारा वयाच्या मुलांना दिवसाकाठी ९ ते १२ तास झोप हवी, हे त्यांनी पडद्यावर दाखवलं. ते खरंच आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिननं २०१६ साली हाच आकडा दिलाय. मी तिथेच बोटांवर मोजलं. सहाला उठायचं तर कमीत कमी झोपेसाठीही नऊला डोळा लागायला हवा. मी घरी पोचतो साडेसातला. म्हणजे दीड तासात जेवण, आंघोळ, गृहपाठ, आणि दिवसभरात राहिलेला बाप. रोज अर्धा तास कमी पडतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी मोज्यातून बाहेर येतो. सभेत मी हात वर केला होता. तोवर चहाची वेळ झाली.

तुम्ही पडद्यावर काही दाखवलं नाहीत. एका शनिवारी, बस जरा लवकर आली होती तेव्हा, दाराशी उभ्या उभ्या म्हणालात, "पोरं घरात उठतात, पण जागी होतात ती तिसऱ्या स्टॉपनंतर. तोवर त्यांना काही सांगून उपयोग नाही." मी नंतर शोधून वाचलं. झोपेतून उठल्यावर मेंदू ताळ्यावर यायला साधारण पंधरा ते तीस मिनिटं लागतात, कधी त्याहून जास्तही. त्याला शास्त्रात नाव आहे. तुम्ही त्याला तिसरा स्टॉप म्हणता, आणि मला तेच नाव पटतं. त्या अर्ध्या तासातच मी पोरीवर सगळं एकदम फेकत होतो : दात घास, गणवेश घाल, वही घेतलीस का, अगं मोजे! त्यातलं तिच्यापर्यंत काय पोचत असेल? तुम्ही तिला चढवताना एका वेळी एकच सांगता. आधी बस. ती बसली की, आता बाटली दे. बस्स.

मागच्या सीटवरची मोठी मुलं मी रोज पाहतो. डोकं काचेला टेकून गाढ झोपलेली. लोकांना ती आळशी वाटतात. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, रात्रीची झोप दोन-दोन तासांनी उशिरा येऊ शकते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ मध्येच सांगितलं होतं, या वयाच्या मुलांची शाळा साडेआठच्या आधी भरवू नका. शाळेची घंटा तुमच्या हातात नाही. तुम्ही त्यांचं दप्तर काच आणि डोकं यांच्या मध्ये सरकवता, खड्ड्यात डोकं आपटू नये म्हणून. त्यांना ते कळतही नाही. मला खालून दिसतं.

हे कुठल्या कामाच्या यादीत लिहिलेलं नसणार. तुमचं काम मुलं मोजून चढवायची आणि मोजून उतरवायची. ज्यांच्याकडे माझी सकाळ सोपी करण्याचा अधिकार होता त्यांनी मला उपदेश केला, आणि ज्या बाईला पस्तीस पोरं चढवताना श्वास घ्यायला फुरसत नव्हती तिनं फोन केला. माणसाला वेळ नसतो म्हणून तो नीट वागत नाही, असं मी स्वतःबद्दल बरीच वर्षं म्हणत आलो. आता म्हणायची सोय राहिली नाही.

त्यानंतर तुमचे आणखी चार फोन आले. सगळे असेच, अर्ध्या वाक्यात संपणारे. "गाणं म्हणतेय." "झोपली." "आज नाही थांबलं लवकर, पण शाळेच्या फाटकाशी थांबलं." हा शेवटचा मला सगळ्यांत आवडला. खोटं सांगून माझी समजूत घालणं तुम्हाला सहज जमलं असतं.

घरात आता फार काही बदललंय असं नाही. मोजे मात्र उलटे घालतो, शिवण बाहेर. हेही तुम्हीच सांगितलंत, आणि सहा वर्षांत मला ते सुचलं नव्हतं. उठल्यावर पहिली दहा मिनिटं ती माझ्या मांडीवर नुसती पडून असते, मी एक अक्षर बोलत नाही. त्यासाठी मला माझी दहा मिनिटं आधी उठावं लागतं आणि ते रोज जमत नाही. गेल्या मंगळवारी परत ओरडलो. पण बस यायच्या आत तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि चुकलं म्हणालो. ती म्हणाली, "बाबा, मावशी येतील, लवकर उठा."

तुमचे फोन बंद झालेत. त्यांची गरज राहिली नाही म्हणूनच, हे कळतं. तरी आठ-बाराला माझं लक्ष फोनकडे जातं.

तुमचा,
तिसऱ्या बिल्डिंगसमोर धावत येणारा बाबा

ता.क. बाटलीचं झाकण सापडलं. दप्तराच्या आतल्या कप्प्यातच होतं. उगाच तुम्हाला परवा सगळ्या सीटखाली वाकायला लावलं.