बटण चोराच्या कोपराशी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टुरिस्ट गाडी लुटल्याची बातमी आली की आमच्या स्टँडवर दोन दिवस तोच विषय चालतो. मिरचीचा स्प्रे ठेवावा की सीटखाली पाना? मी एकवीस वर्षं पिवळ्या पाटीची गाडी चालवतो. पाना माझ्याही सीटखाली होता.

गेल्या वर्षी मार्गशीर्षात रात्री साडेबाराच्या सुमारास नाशिक रोड स्टेशनवरून दोन पोरं पुण्यासाठी बसली. सांगितलं ते भाडं घासाघीस न करता कबूल केलं, तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. संगमनेर गेलं, घारगाव गेलं. बोट्याच्या पुढे एकाला उलटीसारखं व्हायला लागलं. गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, तोच मागून गळ्यात नायलॉनची दोरी पडली.

अशा वेळी दोन हात करावेत असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा सीटबेल्ट लावून, पोटाशी स्टिअरिंग घेऊन पाठीमागच्या माणसाला फटका मारून बघावा. कायदा आपल्या बाजूने आहे, हे मला ठाऊक आहे. भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ ही कलमं स्वसंरक्षणाचीच आहेत आणि जबरी चोरी करणाऱ्याचा त्यात जीव गेला तरी ४१व्या कलमाचा आधार मिळू शकतो. आमच्या स्टँडवरचा एक जण ही कलमं तोंडपाठ म्हणून दाखवतो. त्या रात्री मला एकही आठवलं नाही. किल्ली दिली, मोबाइल दिला, घरी पोरंबाळं आहेत म्हणालो आणि उतरलो. विमा गाडीचा उतरवलेला होता, ती गेली तर गेली.

चालत एका ढाब्यापर्यंत आलो. कांद्याच्या ट्रकवाल्याने फोन दिला. पाठ असलेला नंबर एकच, बायकोचा. ती जागीच होती. म्हणाली, "अहो, आत्ताच टोलचे पैसे कापले गेले. नारायणगाव आलं का?"

फास्टॅग घेतला त्या दिवशी माझा फोन बंद पडला होता, म्हणून तिचा नंबर दिला होता. मी कुठे आहे ते हिला घरबसल्या कळतं, यावरून आमची दोनदा वादावादीही झाली होती. त्या रात्री तोच मेसेज कामी आला. ११२ लावल्यावर गाडी कोणत्या टोलवरून किती वाजता गेली, ते मला सांगता आलं. पहाटे ती चाकणजवळ सापडली. नंबर प्लेट काढलेली, स्टेपनी गायब, पण गाडी शाबूत. टॅग माझ्या नंबरावर असता तर मेसेज चोरांच्याच खिशात वाजला असता. स्टँडवरच्या सगळ्यांना मी हे सांगत सुटलो आहे. आतापर्यंत चौघांनी नंबर बदलून घेतला.

पण पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. हवालदारांनी पहिलंच विचारलं, "गाडीत जीपीएसचं यंत्र असेल ना? लोकेशन काय दाखवतंय?" मी गप्प. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या आमच्यासारख्या भाड्याच्या चारचाकींना हे यंत्र आणि धोक्याचं बटण, म्हणजे संकटात मदतीसाठी दाबायचं बटण, सक्तीचं आहे. माझ्याही गाडीत आहे, रोख पैसे मोजून बसवलेलं. फक्त त्यातल्या सिमची मुदत कधीच संपली होती. ते पैसे मी भरले नाहीत, ही चूक माझी. बसवणारा म्हणाला होता, "पासिंगच्या आधी या, तेव्हा चालू करून देऊ." आमच्यातल्या बहुतेकांचं असंच चालतं.

आणि समजा चालू असतं, तरी बटण कुठे आहे? माझ्या गाडीत ते मागच्या दाराजवळच्या खांबावर आहे, म्हणजे दोरी धरणाऱ्याच्या कोपराशी. रात्री एकट्या बसणाऱ्या बाईसाठी ते तिथे हवंच, त्याबद्दल तक्रार नाही. पण एक बटण ड्रायव्हरच्या गुडघ्याशी, अंधारात चाचपून सापडेल असं द्यायला किती वायर लागते?

पासिंगला टायर बघतात, दिवे बघतात, रिफ्लेक्टरची पट्टी बोटाने खरवडून बघतात. तसंच हे बटण दाबावं आणि पलीकडे कोण दखल घेतो ते बघावं. माझी गाडी पुढच्या महिन्यात पासिंगला आहे. सिमचे पैसे भरले आहेत.

आपला,
एक टुरिस्ट गाडीवाला, नाशिक रोड