ज्यांची रेकॉर्ड निघाली नाही, त्यांचंही नाव लावा : सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

मंत्रिमहोदय, स.न.वि.वि.

तिवसा तालुक्यातल्या एका खेड्यातून हे पत्र लिहितो आहे. आमच्या भजन मंडळात मी २३ वर्षं पेटी वाजवतो. पोट चालतं ते वावरावर, कापूस आणि तुरीवर. यंदाच्या सप्ताहात काल्याचं जेवण आटोपलं आणि देवळाच्या ओट्यावर आमच्यात एक वाद पेटला, तो अजून विझलेला नाही. विदर्भातल्या गायक-वादकांचं एक कायमचं दालन शासनाने उभारलं, तर त्यात पहिली नावं कोणाची लावावीत? असं दालन व्हावं ही माझी मागणी आहेच. पण पायाभरणीआधी निवडीची कसोटी ठरली पाहिजे. एकदा भिंतीवर नावं चढली की मागाहून त्यांना कोणी हात लावत नाही.

वसंतराव देशपांड्यांच्या नावावर वाद झालाच नाही. २ मे १९२० रोजी ते मूर्तिजापुरात जन्मले. मूर्तिजापूर लोकांना ठाऊक आहे ते शकुंतला रेल्वेचं जंक्शन म्हणून; एवढा मोठा गवई या गावात जन्मला, हे तिथून रोज गाडी पकडणाऱ्या कितीतरी लोकांना माहीत नसतं. त्यांच्या शेजारी नागपूरच्या शंकरराव सप्र्यांचं नाव हवं, कारण वसंतरावांच्या गळ्यावर पहिला हात त्यांनी फिरवला. आष्टगावच्या भीमराव पांचाळ्यांवरही एकमत झालं. मराठी गझल त्यांनी आमच्या कानात रुजवली. माणूस हयात असतानाच त्याचं नाव लागावं, असं माझं मत आहे.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव निघालं तेव्हा दोन तट पडले. महाराजांच्या आश्रमाची मोझरी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे आवाज चढले. महाराजांना गवयांच्या रांगेत बसवणं म्हणजे त्यांना लहान करणं, असं काहींचं म्हणणं. मला ते अजिबात पटत नाही. खंजिरी हे एका हातात मावणारं वाद्य. तिच्यावर लय धरून महाराजांनी हजारोंचा समुदाय तासन्‌तास बसवून ठेवला. १९६८ साली ते गेले, पण खंजिरी गावागावांत राहिली. आज विदर्भातल्या खेड्यात शेतमजूराचं पोरगं ठेका शिकतं ते बहुधा भजन मंडळातच, आणि त्याचं श्रेय महाराजांना आहे. दालनात त्यांची हार घातलेली तसबीर लावू नका. तिथे त्यांची खंजिरी ऐकू येऊ द्या.

गाडगेबाबांचं मात्र मी नाही म्हटलं, आणि त्यावरून घरचेही माझ्याशी दोन दिवस धड बोलले नाहीत. बाबांचा 'गोपाला गोपाला' माझ्याही अंगावर काटा आणतो. पण त्यांच्या कीर्तनाचा जीव समोरच्या माणसाला विचारलेल्या प्रश्नात होता, सुरात नव्हता. संगीताच्या दालनात त्यांना ओढून आणायची गरज नाही.

आता खरा मुद्दा. आमच्या गावात एक आबाजी आहेत, वय ७८. त्यांच्याएवढा चांगला डफडं वाजवणारा मी पाहिला नाही. पोळ्याच्या दिवशी ते तोरणापाशी तुराट्यांचा छोटा जाळ करतात आणि डफड्याचं तोंड जाळाकडे धरतात. मधून मधून बोटाने टिचकी मारून कान लावतात. पावसाळी हवेने चामडं ओलावलेलं असतं, आवाज बद्द येतो. तो टण्ण निघाला की उठतात. एका हातात जाड काडी, दुसऱ्यात बारीक लवचीक काडी. लग्नाचा ठेका वेगळा, पोळ्याचा वेगळा, प्रेताचा वेगळा. वावरात डवरणीला गेलेल्या माणसाला नुसत्या ठेक्यावरून गावात काय झालं ते कळतं. मी पेटीवाला आहे, मात्रा मोजता येतात. तरी आबाजी समेवर येताना मध्ये जी जागा सोडतात, ती मला आजवर पकडता आली नाही.

वृद्ध कलावंतांच्या मानधनासाठी त्यांनी एका कार्यालयात अर्ज केला होता. तिथे कार्यक्रमांची प्रमाणपत्रं, वर्तमानपत्रातली कात्रणं आणि फोटो मागितले. आबाजी मला म्हणाले, "मास्तर, कागद कुठून आनू? म्या वाजवलं तवा फोटो काढाले कोन आलतं?" मी खूप शोधलं. एका वरातीच्या फोटोत त्यांचा फक्त कोपर निघाला. अर्ज परत आला.

साहेब, दालनासाठीही हीच कागदाची कसोटी लागली, तर आबाजींसारखा एकही माणूस आत जाणार नाही. अमेरिकेत क्लीव्हलँडला रॉक अँड रोल संगीताचं असं दालन आहे. मुलाने मोबाइलवर मला त्याची माहिती वाचून दाखवली. पहिली रेकॉर्ड निघून २५ वर्षं झाल्याशिवाय तिथे कलावंताचं नाव विचारात घेत नाहीत. पण ज्यांच्या खांद्यावर ते संगीत उभं राहिलं, त्या जुन्या माणसांसाठी त्यांनी १९८६ च्या पहिल्याच निवडीत वेगळी वाट ठेवली. रॉबर्ट जॉन्सन हा गिटारवाला २७ व्या वर्षी गेला, मागे रेकॉर्ड केलेली गाणी उरली २९. तरी त्याला पहिल्या वर्षीच मान मिळाला. उलट सिस्टर रोझेटा थार्प ही गिटार वाजवून गाणारी बाई १९७३ साली वारली आणि तिचं नाव लागलं २०१८ साली. एवढा पैसा आणि एवढ्या रेकॉर्डी असलेल्या देशात एका बाईला इतकी वाट पाहावी लागली, तर आमच्याकडे काय होईल याचा विचार करा.

आपल्याकडे तर दारावरचा माणूसच चुकल्याचा दाखला आहे. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती. नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झालं, म्हणजे पहिली कितीतरी वर्षं आमच्या भजन मंडळाची पेटी तिथे नियमाने चालली नसती. त्याच काळात खेड्यातली एकही काकडआरती पेटीवाचून होत नव्हती.

आणखी एक गोष्ट जपून लिहितो. डफडं ही अनेकांच्या गळ्यात गावकीने अडकवलेली गोष्ट होती. १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षेनंतर कितीतरी घरांनी ते खाली ठेवलं आणि त्यांनी बरोबर केलं. आबाजींच्या चुलत्यांनी ते तेव्हा खुंटीला टांगलं, पुन्हा काढलं नाही. त्याच वस्त्यांमधून पुढे भीमगीतं गाणारे उभे राहिले, रात्ररात्र गायले. त्यांना दालनात मोठी जागा हवी. आणि डफडं वाजवणाऱ्याचं नाव लावण्याआधी त्याला किंवा त्याच्या घरच्यांना विचारा. ज्यांना ती आठवण नको असेल, त्यांच्यावर मान म्हणून ती पुन्हा लादू नका.

काही ठिकाणी एकच एक नाव निघणारच नाही. यवतमाळ, चंद्रपूरकडे परधान लोक किंगरी या तंतुवाद्यावर गोंडांच्या कुळांच्या कथा गातात. ती विद्या बापाकडून लेकाकडे येते. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकाला रात्रभर साथ करणारा ऑर्गनवाला आणि तबलजी पोस्टरवर क्वचितच मोठ्या अक्षरात असतो. आमच्या आयाबहिणींच्या भुलाबाईच्या गाण्यांना तर पोस्टरच नाही. अशा वेळी परंपरेला जागा द्या, पण तिच्या खाली आज गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसांची गावासकट नावं लिहा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या लाखावर ओव्या जमवल्या, त्या गाणाऱ्या बाईच्या आणि तिच्या गावाच्या नावानिशी. तिघाचौघांच्या चिकाटीतून सुरू झालेलं काम शासनाला जमणार नाही, असं मी मानत नाही.

म्हणून मागणी एवढीच : इमारतीचा आराखडा करण्याआधी एक वर्ष ध्वनिमुद्रणाला द्या. पोळा, भुलाबाई, भाऊबीजेनंतरच्या मंडया म्हणजे गावजत्रा आणि गावोगावचे सप्ताह, या वेळांना माणसं पाठवा. निवड समितीत प्राध्यापक आणि गवई असू द्या, पण निम्म्या खुर्च्या खेड्यातल्या वाजवणाऱ्यांना आणि गाणाऱ्या बायांना द्या. अर्जासोबत कात्रण मागू नका. समितीनेच गावात यावं आणि ऐकावं.

आबाजींना आता डाव्या कानाने कमी ऐकू येतं, हात मात्र अजून पक्का आहे. पोळ्याला दुपारी ३ वाजता ते तोरणापाशी जाळ करतात. रेकॉर्डिंगची माणसं त्याआधी अर्धा तास आली, तर त्यांना टिचकीचा आवाज बदलतानाही धरता येईल. त्यांची जेवणाची आणि मुक्कामाची सोय माझ्या घरी होईल.

आपला,
भजन मंडळातला एक पेटीवादक
ता. तिवसा, जि. अमरावती