चिकट पुठ्ठा आणण्याआधी घरातली भोकं बुजवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पाऊस लागला की आमच्या गावभागातल्या घरांत उंदीर वाढतात. बिळात पाणी शिरल्यावर त्यांनाही कोरडी जागा लागते. यंदा पंधरा दिवसांत आमच्या घरी इन्व्हर्टरची वायर कुरतडली गेली, ज्वारीचं पोतं खालच्या कोपऱ्यात फुटलं आणि माळ्यावरच्या गाठोड्यातली आईच्या लुगड्याची गोधडी मधोमध पोखरली गेली. वैतागून सूनबाईंनी बाजारातून चिकट पुठ्ठ्यांची जोडी आणली. वहीसारखा उघडायचा पुठ्ठा, आत मधासारखा पिवळसर डिंक. एक इन्व्हर्टरखाली ठेवला, दुसरा मागच्या पडवीत.

सकाळी सात वाजता नातू हाका मारत आला, "आबा, खारूताई चिकटलीय."

पडवीतल्या पुठ्ठ्यावर खारीचं पिल्लू होतं. नुकतंच हिंडायला लागलेलं असावं, माझ्या तळहातात मावलं असतं. एक कूस, मागचे दोन्ही पाय आणि अख्खी शेपटी डिंकात. सुटका करून घ्यायला मान वळवली असणार, म्हणून खालचा जबडाही चिकटलेला. पुढचा एक पाय तेवढा मोकळा, त्यानं ते पुठ्ठा खरवडत होतं. बरगड्यांखाली काळीज इतकं जोरात उडत होतं की दोन हातांवरून दिसावं. आणि परड्याच्या भिंतीवर त्याची आई शेपटी झटकत एकसारखी चिक् चिक् करत होती.

देवघरातल्या फुलवाती घेतल्या, गोडेतेलात बुडवल्या आणि आधी जबडा सोडवला. डोक्यावर फडकं टाकलं की पिल्लू गप्प राहतं. ओढायचं नाही, तेल मुरू द्यायचं, मग कापसानं हळूहळू सुटं करायचं. चाळीस मिनिटं लागली. शेपटीची लव मात्र पुठ्ठ्यावरच राहिली, तिथली उघडी कातडी दिसत होती. अंग पुसून जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून बुटाच्या खोक्यात सावलीला ठेवलं. संध्याकाळी पेरूच्या बेचक्यात नेऊन ठेवल्यावर आई आली, तोंडात धरून घेऊन गेली. त्याच पुठ्ठ्यावर दोन पाली मेलेल्या होत्या.

इन्व्हर्टरखालच्या पुठ्ठ्यावर उंदीर सापडला होता. रात्रभर तो जिवंत होता आणि सुटण्यासाठी त्यानं स्वतःचा पाय कुरतडला होता. तो सुटण्यासारखा राहिला नव्हता. मी काठीच्या एका घावात त्याला संपवलं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण लपवायचंही नाही.

उंदीर मारायला माझा विरोध नाही. १८९६ च्या मुंबईच्या आणि १८९७ च्या पुण्याच्या प्लेगच्या गोष्टी आजीनं आम्हाला सांगितल्या होत्या, त्या तिनं तिच्या आईकडून ऐकलेल्या. १९९४ ला बीड आणि सुरतेच्या बातम्या आल्या तेव्हा आमच्या मार्केट यार्डातही धास्ती होती. २०१९ च्या पुरात आमच्या घरात छातीइतकं पाणी होतं. उंदरा-घुशींचं मूत त्या पाण्यातून पायाच्या जखमेत गेलं की लेप्टोचा ताप (लेप्टोस्पायरोसिस) होतो, हे तेव्हापासून गल्लीतल्या पोरांनाही माहीत झालंय. तेव्हा उंदीर घरात नकोच. पण जो पुठ्ठा कोण येतंय ते बघत नाही आणि सापडेल त्याला तासन् तास, कधी दिवसभर जिवंत ठेवून मारतो, तो वाण्याच्या दुकानात उदबत्तीशेजारी विकायला असावा हे मला पटत नाही.

आणि त्यानं उंदीर कमी होत नाहीत, हे मी अनुभवानं सांगतो. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर मी ३६ वर्षं दिवाणजी होतो. आमच्या गोदामात हळदीबरोबर शेंगदाणा, हरभरा, गूळही असायचा. म्हणजे उंदराला बारा महिने ताट वाढलेलंच. नवीन असताना मी मालकांकडे औषधासाठी पैसे मागायचो. आमचा जुना हमाल म्हणायचा, "दिवाणजी, उंदराला मारून संपत नसतंय. त्येला वाट ठिवायची न्हाई आन् दाणा ठिवायचा न्हाई." त्याची रीत अशी होती. थप्पी भिंतीला कधी टेकवायची नाही, दीड-दोन फूट जागा सोडायची, म्हणजे माणूसही फिरतो आणि मांजरही. पोती जमिनीवर टाकायची नाहीत, खाली फळ्या. संध्याकाळी सौदे आटपले की सांडलेला दाणा न् दाणा झाडून घ्यायचा, आणि शटरच्या खालच्या कडेला पत्रा. ज्या वर्षी तो आजारी पडला आणि झाडलोट ढिली झाली, त्या वर्षी पोती शिवायला दाभण आणि सुतळी पुरली नाही.

हरिपूरची पेवं तर आपल्या जिल्ह्यात सगळ्यांनी ऐकलेली. वीस-पंचवीस फूट खोल खड्डा, तोंड अरुंद, आत रांजणासारखं पोट. हळद भरून तोंड मातीनं लिंपलं की आत हवा उरत नाही, त्यामुळं कीड नाही न् उंदीरही नाही. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरायचं नाही, काही तास तोंड मोकळं ठेवायचं आणि आधी पेटता कंदील सोडायचा. कंदील विझला तर अजून थांबायचं. २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं आणि त्यांतली कितीतरी कायमची गेली. जुन्या लोकांनी विषाच्या गोळीशिवाय वर्षानुवर्षं हळद राखली ती तोंड बंद करून, एवढंच मला त्यातून घ्यायचंय.

त्या सकाळनंतर मी घरच गोदाम समजून तपासलं. उंदीर कुठून येतात ते शोधायला देवघरातली रांगोळी कामाला आली. रात्री भिंतीच्या कडेनं बोटभर रुंदीची पातळ रांगोळी पसरली. सकाळी तिच्यावर बारीक पावलं आणि मधून शेपटीची रेघ, जणू कुणी काडी ओढत नेलीय. तीन रात्रींत वाटा कळल्या. सिंकचा पाइप भिंतीतून जातो तिथलं भोक, मागच्या दाराखालची फट, आणि न्हाणीघरातली मोरीची तुटकी जाळी. चौथी वाट वर निघाली, कौलं आणि भिंत यांच्यामधली, गोधडीपर्यंत थेट जाणारी.

ज्या फटीतून शिसपेन्सिल जाते तिथून लहान चिचुरडा उंदीर आत येतो. मोठ्या उंदराला अर्धा इंच पुरतो. म्हणून मी पेन्सिल हातात घेऊनच घरभर फिरलो. नुसत्या सिमेंटनं बुजवलेलं ओलं भोक उंदीर पुन्हा उकरतो. भांडी घासायची तारेची घासणी आधी आत दाबून कोंबायची आणि वरून सिमेंट लिंपायचं. परड्यातल्या घुशीच्या बिळाला गवंड्यानं सिमेंटमध्ये काचेचे तुकडे घातले. दाराला खाली ॲल्युमिनियमची पट्टी ठोकली, मोरीला स्क्रूनं घट्ट बसणारी जाळी, कौलांखाली पाव इंची लोखंडी जाळी. गवंड्याची अर्ध्या दिवसाची मजुरी धरून २,३०० रुपये झाले. नुसती इन्व्हर्टरची दुरुस्ती १,८०० ला पडली होती.

वायरीत उंदराला खायला काही नसतं. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, ते झिजवल्याशिवाय त्याला तोंड मिटता येणार नाही, म्हणून जे मऊ-कठीण मिळेल ते तो कुरतडतो. वायर लोखंडी नळीतून नेली की प्रश्न मिटतो, प्लॅस्टिकच्या नळीचा काही उपयोग नाही.

आत राहिलेल्या उंदरांना जुना तारेचा पिंजरा लावला. इथं एक गोष्ट लोक विसरतात. उंदीर नवीन वस्तूला बुजतो. पहिल्या दोन-तीन रात्री पिंजऱ्याचं दार बांधून उघडंच ठेवायचं आणि आत तेलात भिजवलेली भाकरी किंवा सुक्या खोबऱ्याचा तुकडा ठेवायचा. खाऊन जाऊ द्यायचं. चौथ्या रात्री दाराची दोरी सोडून पिंजरा लावायचा. आमच्याकडे पाच दिवसांत चार सापडले, नंतर रांगोळी कोरी राहिली. लेंड्या कोरड्या झाडू नयेत, ब्लीचिंगच्या पाण्यानं भिजवून, हाताला पिशवी बांधून उचलाव्यात.

विषाबद्दल थोडं लिहितो. काळ्या रंगाची झिंक फॉस्फाइडची पूड पोटात गेली की विषारी वायू तयार होतो आणि त्यावर उतारा नाही. लहान मूल रांगत असलेल्या घरात लोक ती पिठाच्या गोळीत घालून ओट्याखाली ठेवतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. शिवाय थोडंसं खाऊन वाचलेला उंदीर ती गोळी पुन्हा तोंडात घेत नाही. दुसरी औषधं रक्त गोठू देत नाहीत. त्यांनी उंदीर काही दिवसांनी मरतो, आणि तेवढ्यात तो मांजरानं किंवा गव्हाणी घुबडानं धरला तर विष त्यांच्या पोटात जातं. रात्री गोदामाच्या छपरावर बसणारं ते पांढऱ्या तोंडाचं घुबड आणि परड्यातली धामण ही आपली खरी उंदीर धरणारी माणसं. त्यांना बघताच दगड उचलू नये. चिचुंद्रीही उंदरात मोडत नाही, ती झुरळं-किडे खाते. तिला दार उघडून जाऊ द्यावं.

खारीचं नुकसान वेगळं. ती धान्याच्या पोत्यापर्यंत फारशी येत नाही, पण गच्चीवरच्या सोलर बंबाच्या पाइपवरचं काळं फोम तिनं पार उचकटलं होतं. टाकीखाली हात घातला तर घरटं लागलं. काथ्या, पतंगाचा मांजा, नायलॉनच्या दोरीचे धागे, आणि आत अगदी मध्यभागी हिरव्या चौकड्याची चिंधी. आईच्या लुगड्याची. उंदरानं पोखरलेली गोधडी आम्ही गच्चीवर वाळत टाकली होती, तिथून तिनं ती उचलली होती. त्यात अजून दोन पिल्लं होती. आम्ही घरटं हलवलं नाही. खारीची पिल्लं दोन-अडीच महिन्यांत आपली आपण हिंडतात. ती गेल्याची खात्री झाल्यावर जागा साफ केली, पाइपवर पत्र्याचं आवरण बसवलं आणि गच्चीकडे झुकलेली पेरूची फांदी पाच फूट मागे छाटली. नारळाला माणसाच्या उंचीच्या वर दीड फूट रुंद पत्रा गुंडाळला. शेजारच्या झाडाच्या झावळ्या त्याला टेकत असतील तर मात्र तो पत्रा कुचकामी आहे.

उन्हाळ्यात खार तहानेनंही नळ्या कुरतडते. पुतण्याची तासगावला द्राक्षबाग आहे. तिथं ठिबकच्या नळ्यांना रोज नवी भोकं पडायची. बांधावर मातीची परळं भरून ठेवायला लागल्यापासून ती बरीच कमी झाली. अजिबात थांबली नाहीत, पण रोज दुरुस्तीला माणूस लावावा लागत नाही.

भारतीय पशुकल्याण मंडळानं या चिकट पुठ्ठ्यांविरुद्ध राज्यांना कळवलेलं आहे, आणि प्राण्यांना विनाकारण यातना देणं १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे. तरी पुठ्ठे उघड विकले जातात. विक्री थांबवण्याचं काम ज्यांचं आहे त्यांनी ते करावं, ही माझी आपल्या दैनिकातून विनंती. गणपतीच्या आधी घरोघरी साफसफाई निघते, तेव्हाच या पुठ्ठ्यांचा खप वाढतो. दुकानदारांनी निदान या महिन्यात ते मागवू नयेत. त्यांच्या जागी तारेचे पिंजरे आणि पाव इंची जाळी ठेवली तर गिऱ्हाईक परत जाणार नाही.

आणि ज्यांच्या घरात असे पुठ्ठे आता आहेत त्यांना एक सांगणं. ते उघडे कचऱ्यात टाकू नका, घंटागाडी येईपर्यंत कावळे, चिमण्या, सरडे त्यावर बसतात. दोन्ही बाजू एकमेकींवर दाबून बंद करा, वर जुना पेपर घट्ट गुंडाळा आणि मगच टाका. आमचे दोन्ही पुठ्ठे आम्ही तसेच टाकले.

आपला,
एक निवृत्त दिवाणजी,
गावभाग, सांगली