बशीएवढी जागा

धानोरी, पुणे
१८ जानेवारी

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी तू न्यूझीलंडहून फोनवर म्हणालीस, "बाबा, इथल्या थारच्या, त्या हिमालयातल्या रानबोकडाच्या, शिकारीला जायचंय, लांब पल्ल्याची बोल्ट ॲक्शन रायफल घ्यायची आहे, कोणती घेऊ तुम्हीच सांगा." तेव्हा आई शेजारी बसलेली होती. मी हो-हो करून विषय बदलला, ते तुझ्या लक्षात आलं असेल. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "पोरीचं जनावर मारल्यावाचून काय अडलंय?" तिला उत्तर द्यायला मला चार दिवस लागले, म्हणून हे पत्र उशिरा लिहितोय.

थार मी पाहिलेला आहे. जोशीमठला पोस्टिंग होतं तेव्हा सकाळच्या उन्हात समोरच्या कड्यावर सात-आठ जण उभे असायचे, मानेवरची आयाळ वाऱ्याने हलायची. तिथे त्यांना हात लावायला बंदी होती आणि ती योग्यच होती. तेच जनावर १९०४ मध्ये न्यूझीलंडला नेऊन माउंट कुकजवळ सोडलं. वटवाघळं सोडली तर त्या देशात जमिनीवरचं मूळचं सस्तन जनावरच नाही. थारला मारणारा बिबट्याही तिकडे नाही. कळप वाढतात आणि डोंगरमाथ्यावरची झुडपं, गवतं ओरबाडून टाकतात. आईला हे समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि दोनच अटी घातल्या: मारलंस तर मटण वाया घालवायचं नाही, आणि जनावराला हाल होऊन मरू द्यायचं नाही. पहिली अट तुझी तू सांभाळशील. हे पत्र दुसऱ्या अटीसाठी आहे.

अण्णांची, तुझ्या आजोबांची, गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे. भोरकडच्या आपल्या गावात त्यांच्याकडे परवान्याची इशापूरची तीनशे पंधरा बोअर होती, हे तू ऐकलंयस. ती त्यांनी का टांगून ठेवली, ते मी कधी बोललो नाही. मी अकरा वर्षांचा होतो. दरीच्या पलीकडच्या उतारावर सांबर उभं होतं. मधलं अंतर अडीचशे पावलांच्या पुढे असणार. अण्णांचा हात चांगला होता, पण तो शंभर पावलांवरचा. सोबतचे लोक म्हणाले, बघता काय, टाका. त्यांनी टाकली. सांबर कुबड काढून वाकलं आणि तसंच चालत झाडीत गेलं. गोळी पोटात लागली होती. आम्ही अंधार पडेपर्यंत शोधलं, दुसऱ्या दिवशीही दिवसभर शोधलं. तिसऱ्या दिवशी गिधाडं घिरट्या घालताना दिसली, तेव्हा गिधाडं होती, आणि ओढ्याजवळ सांबर सापडलं. पाणी प्यायला आलं होतं ते. अण्णा तिथे खडकावर बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. पुढे १९७२ चा कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने कायमचे गेले. पण आपल्या घरातली शिकार त्या ओढ्याशीच थांबली होती. अण्णा गेल्यावर ती रायफल मी ठाण्यात जमा केली.

आता तू रायफल निवडायला बसलीयस, आणि तुझ्या बोलण्यात सगळा जोर "लांब पल्ल्याची" या शब्दावर होता. ताई, दुकानातली कुठलीही बरी रायफल ५०० मीटरवर गोळी पोचवते. प्रश्न तुझ्या पल्ल्याचा आहे. थारच्या छातीत जिथे गोळी लागली की तो फार हाल न होता मरतो, ती जागा आपल्या नाश्त्याच्या बशीएवढी असते. त्या बशीत थंडीत, धापा टाकत, सॅकवर टेकून तुझी पहिली गोळी जेवढ्या अंतरावरून दर वेळी जाते, तेवढाच तुझा पल्ला. तो वाढवणारी रायफल घ्यायची.

सगळ्यात आधी अंगाला बसणारी रायफल बघ. तू पाच फूट एक इंच, आणि डावखुरी. एनसीसीच्या कॅम्पमध्ये तुला उजव्या खांद्याला रायफल लावायला लावली होती, आणि तू रडकुंडीला येऊन फोन केला होतास. फौजेतही मी डावखुऱ्या पोरांचे हाल पाहिलेत. बोल्टची मूठ, म्हणजे जी मागे-पुढे ओढून पुढचं काडतूस भरायचं ती, उजवीकडे, मग प्रत्येक गोळीनंतर डावा हात ट्रिगरवरून काढून वरून पलीकडे न्यायचा, तेवढ्यात गाल दस्त्यावरून उठतो आणि नेम मोडतो. परवा मुद्दाम बालेवाडीच्या रेंजवर जाऊन बसलो. एक डावखुरी मुलगी डाव्या बोल्टच्या रायफलीने ५० मीटरवर सराव करत होती. गाल हलत नव्हता, नजर हलत नव्हती, फक्त मनगट चालत होतं. तेव्हाच ठरवलं की तुला डाव्या हाताचीच रायफल घ्यायला सांगायची. पर्याय कमी मिळतील, दुकानदार "सवय होते" म्हणेल. ऐकू नकोस. त्याआधी डोळाही तपासून घे: दोन्ही हातांच्या बोटांची खिडकी करून लांबच्या खांबाकडे बघ, मग एकेक डोळा मीट. ज्या डोळ्याने खांब खिडकीत राहतो, तो तुझा नेमाचा डोळा. तोही डावाच निघेल असं मला वाटतं.

दस्त्याची लांबीही तितकीच महत्त्वाची. बटाचा मागचा भाग कोपराच्या वळणात टेकव. तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर सहज आलं पाहिजे. बोट ताणावं लागलं तर दस्ता लांब आहे, तो कापून घेता येतो किंवा आखूड दस्ता मिळतो. तिकडच्या जाड जॅकेटवर मोजायला विसरू नकोस, नुसत्या टी-शर्टवर मोजलेली रायफल डोंगरात लांब पडते. आणि गाल टेकवल्यावर डोळा आपोआप स्कोपच्या, म्हणजे रायफलीवरच्या नेमाच्या भिंगाच्या, मधोमध यायला हवा. मान उचलावी लागत असेल तर ती रायफल परत ठेव.

काडतुसाबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण तू "३०० विन मॅग", म्हणजे जास्त दारूचं मॅग्नम काडतूस, म्हणालीस आणि माझ्या पोटात गोळा आला. काडतूस उत्तम आहे, १९६३ पासून जगभर चालतंय. पण त्याचा धक्का ३०८ या नेहमीच्या काडतुसाच्या साधारण दीडपट, आणि डोंगरात न्यायची म्हणून तू रायफल हलकी घेणार. हलकी रायफल आणखी जोरात मारते. मी शेकडो रंगरूट शिकवलेत. धक्क्याला घाबरलेला माणूस सांगत नाही की तो घाबरलाय, त्यालाही ते माहीत नसतं. पण ट्रिगर दाबायच्या क्षणी त्याचा डोळा मिटतो, खांदा पुढे येतो आणि गोळी नेम सोडून जाते. ओळखायची रीत सोपी होती: न सांगता मॅगझिनमध्ये एक ड्रिल काडतूस, म्हणजे दारू नसलेलं, घालायचो. ते आलं की रायफलीतून नुसती टक् वाजायची आणि नळी मात्र बुडायची. एकदा ही खोड लागली की काढायला महिने जातात. तुझ्या अंगकाठीला मॅग्नमने ती आठवड्यात लागेल.

म्हणून माझं मत: ६.५ क्रीडमूर, नाहीतर ७ एमएम-०८, नाहीतर आपली जुनी ३०८. ३०८ शी माझी जवळीक आहे. आमच्या एसएलआरची, फौजेतल्या जुन्या रायफलीची, ७.६२ तिचीच जुळी बहीण. पण तुझ्यासाठी मी ६.५ आधी ठेवेन. धक्का कमी, आणि गोळी लांबट, निमुळती असल्याने वाऱ्यात कमी ढळते. २०० मीटरला झीरो केलेल्या, म्हणजे तिथे नेम बरोबर बसवलेल्या, ३०८ ची गोळी ३०० मीटरवर साधारण वीतभर खाली येते, ४०० वर जवळजवळ तीन वीत. हे खाली येणं ठरलेलं असतं, तक्ता लिहून घेतला की भागतं. वाऱ्याचं तसं नाही. ताशी १५ किलोमीटरचा आडवा वारा तीच गोळी ३०० मीटरवर वीतभराला थोडी कमी सरकवतो, ४०० वर दीड वीत. म्हणजे बशीच्या बाहेर. आणि दरीत वारा तुझ्यापाशी एक असतो, मध्ये दुसरा, जनावरापाशी तिसरा. शिवाय ४०० मीटर जायला गोळीला अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतो. तेवढ्यात थार एक पाऊल टाकतो आणि छातीवर धरलेली गोळी पोटात जाते. अण्णांच्या सांबराचं असंच झालं असेल का, हे मी अजून मनात मोजत बसतो.

कंपनीबद्दल फार डोकं लढवू नकोस. १८९८ च्या माउझर रायफलीपासून बोल्टचं गणित फारसं बदललेलं नाही: काडतुसाच्या लगेच मागे बोल्टच्या पुढच्या टोकाला पक्के अडसर, गोळी सुटताना आत काहीही हलत नाही, म्हणून नेम टिकतो. फिनलंडची टिक्का टी३एक्स डाव्या हाताची मिळते, वजन तीन किलोच्या आत-बाहेर, बोल्ट लोण्यासारखा फिरतो. मला तीच पसंत आहे. लाकडी दस्ता दिसायला देखणा, पण ओल्या डोंगरात फुगतो, सिंथेटिक घे. वाचलेले पैसे स्कोपमध्ये आणि काडतुसांत घाल. स्कोप फार मोठा नको, ३ ते ९ किंवा ३ ते १० पट पुरे. पहाटेच्या अंधुक उजेडात काच स्वच्छ दिसते का ते बघ. माउंटचे, म्हणजे स्कोप रायफलीला धरून ठेवणाऱ्या कड्यांचे, स्क्रू टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच कसणारा) लावून कसून घे. "रायफल बिघडली" म्हणून माझ्याकडे आलेल्या कितीतरी रायफलींचा स्क्रूच ढिला असायचा.

सप्रेसर, म्हणजे नळीच्या टोकाला लावायची आवाज कमी करणारी नळी, तिकडे सर्रास चालतो, तो जरूर लाव. धक्काही कमी होतो. आमच्या वेळी चांदमारीला कानात कापसाचा बोळा घालायचो. त्याची शिट्टी माझ्या डाव्या कानात आजही रात्री वाजते. तू तशी म्हातारी होऊ नयेस.

आता सरावाचं. आपण १ ऑगस्ट २०२४ ला टीव्हीसमोर बसलो होतो, आठवतंय? कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये खेळत होता. गुडघ्यावरच्या फेरीनंतर तो सहावा होता. तू उठून जायला निघालीस आणि मी म्हणालो, थांब, पालथं आणि उभं अजून बाकी आहे. शेवटी ४५१.४ गुणांनी ब्राँझ. याच बालेवाडीच्या रेंजवर घाम गाळलेला पोरगा. डोंगरात तुलाही त्याच तीन स्थिती मिळणार, फक्त चटई नसेल. टेबलावर वाळूच्या पिशवीवर रायफल ठेवून काढलेल्या ग्रुपिंगवर, म्हणजे भोकांच्या दाट पुंजक्यावर, खूश होऊ नकोस. त्यातून रायफल कळते, माणूस कळत नाही. रोज घरी रिकामी रायफल, बोल्ट उघडून दोनदा तपासलेली, काडतुसं दुसऱ्या खोलीत, आणि नळीवर एक नाणं. ट्रिगर दाबल्यावर नाणं पडलं नाही पाहिजे. असे वीस वेळा. आणि रेंजवर गेलीस की थंड नळीची पहिली गोळी वेगळ्या कागदावर मार, तारीख घालून जपून ठेव. शिकारीत तुला तीच एक गोळी मिळते. दहा दिवसांचे दहा कागद एकावर एक ठेवून उजेडात धर, सगळी भोकं बशीत आली तर ते अंतर तुझं. एक जरी बाहेर असलं तर ५० मीटर मागे ये.

डोंगराचा उतारही लक्षात ठेव. वर किंवा खाली तिरकं मारताना गोळी जमिनीवर आडवं जेवढं अंतर असेल तेवढंच पडते. ३० अंशांच्या उतारावर रेंजफाइंडर ३०० दाखवतो, पण धरायचं २६०. नाहीतर गोळी पाठीवरून जाते.

आणि एक गोष्ट, जी बापाने सांगायलाच हवी. हालचाल दिसली की स्कोप लावून बघू नकोस, दुर्बिणीने बघ. स्कोप लावला म्हणजे नळी तिकडे वळली, आणि तिथे तुझ्यासारखाच कुणीतरी वाकून बुटाची नाडी बांधत असेल. तिकडच्या लायसन्सच्या कोर्समध्ये हे शिकवलंय, मला माहीत आहे. तरी लिहितोय.

मे महिन्यात जाणार म्हणतेस, म्हणजे चार महिने आहेत. पहिल्या खेपेला २०० मीटरच्या पुढे मारणार नाही, असं मला फोनवर सांग. कळप पलीकडच्या उतारावर असेल तर वळसा घालून जवळ जा. गेला निघून तर जाऊ दे. रिकाम्या हाताने परत आलीस तर मला जास्त आनंद होईल असंही नाही. मला त्या मटणाचा फोटो हवाय. आईने कांदा-लसूण मसाल्याचं प्रमाण मागच्या कागदावर लिहून दिलंय, मसाला तिकडेच दुकानात मिळतो म्हणतात. पार्सलने पाठवला तर तुमच्या विमानतळावर अडकेल.

आज जॅकेट घालून कोपराच्या वळणापासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंतचं माप घे, सेंटिमीटरमध्ये. रविवारी आपल्या सकाळी नऊला फोन करतो, तुझ्याकडे साडेचार वाजलेले असतील. माप सांगितल्याशिवाय दुकानात जाऊ नकोस.

तुझा,
बाबा