काहिलीतला रस आठवा

आदरणीय बाईंस,
सप्रेम नमस्कार.

जनसुनावणीच्या दिवशी गर्दीत तुमचे आभार मानायचे राहिले. ते सगळ्यांसमोर मानायचे होते, म्हणून हे उघड पत्र.

नदीकाठी गॅसवरचं वीजकेंद्र येणार हे कळल्यापासून ज्यांच्या दारात गेलो त्यांनी एकच ऐकवलं: "गॅस आहे, राख नाही, धूर नाही, तुमची हरकत कशाला?" निवडून दिलेल्यांनी तेच, अहवाल वाचण्याचा पगार घेणाऱ्यांनीही तेच. केंद्राचा हवा-पाण्यावर काय परिणाम होईल ते सांगणारा कंपनीचा अहवाल मात्र एकानंही उघडला नव्हता.

तुम्ही उघडलात. आणि पहिल्याच बैठकीत आम्हाला न रुचणारं बोललात. कोळशाच्या मानानं एका युनिटमागे कार्बन डायऑक्साइड जवळपास निम्माच, गंधक नाहीसारखंच, राख तर नाहीच. हे आपण नाकारलं तर पुढचं कुणी ऐकणार नाही. विरोधकांच्या बैठकीत हे बोलायला छाती लागते, बाई.

मग बोट ठेवलंत ते नायट्रोजन ऑक्साइडवर. तो गॅसमधून येत नाही, ज्वालेच्या प्रचंड उष्णतेनं हवेतल्याच नायट्रोजनपासून तयार होतो, आणि उन्हात त्यातून ओझोन बनतो. नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारे बर्नर पूर्ण भारावर नीट चालतात. टर्बाइन सुरू-बंद होताना आणि कमी भारावर गणित बिघडतं. अहवालात आकडे फक्त पूर्ण भाराचे. हवाही उन्हाळ्यातच मोजलेली. हिवाळ्यात पहाटे पंचगंगेकाठी धुकं जमिनीला चिकटून बसतं, तेव्हाचं काय?

पण आमच्या मनात घर करून राहिली ती तुमची पेन्सिल. अहवालातला 'ब्लोडाउन' हा शब्द कुणालाच कळेना. तुम्ही मराठी सारांश मोठ्या अक्षरांत पुन्हा लिहून काढलात आणि त्या शब्दाशेजारी समासात लिहिलंत: 'काहिलीतला रस आठवा.' बस, तीनच शब्द. गुऱ्हाळावर हयात गेलेल्या म्हाताऱ्यांनी मान डोलावली. रस आटला की पाणी उडतं, गोडी उरते. कूलिंग टॉवरमध्ये पाणी उडतं, क्षार उरतात. पाचपट आटवायचं तर शंभर लिटर वाफेमागे पंचवीस लिटर पाणी बाहेर सोडावं लागतं, पाचपट क्षारांचं; तेच ब्लोडाउन. बंधाऱ्याला बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की नदी वाहतच नाही, मग ते मिसळणार कशात? सुनावणीत हा प्रश्न शाळेची पायरी न चढलेल्या बायकांनी विचारला, आणि कंपनीच्या तज्ज्ञाला उत्तर देता आलं नाही.

लेखी हरकतीत प्रत्येक मुद्द्यापुढे अहवालाचा पान क्रमांक घालायला लावलंत, तेही उपयोगी पडलं. पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे सुनावणीचं इतिवृत्त तिथंच, लोकांच्या भाषेत वाचून दाखवायचं असतं, हे तुम्ही सांगितलं म्हणून आम्ही उठलो नाही. वाचताना बर्ग्यांचा मुद्दाच गाळलेला निघाला. तो घालायला लावला, मगच जागा सोडली.

मंजुरीचा निर्णय अजून व्हायचाय. तुमचा कागद दूध संस्थेच्या फळ्यावर, फॅटच्या दरपत्रकाशेजारी लावलाय. रोज सकाळ-संध्याकाळ हात लागून त्याच्या कडा फाटल्यात, पेन्सिलही पुसट झालीय. तुमच्याच अक्षरात अजून एक प्रत लिहून द्याल का?

तुमचे,
नदीकाठचे ग्रामस्थ