मंदे, आइसलँडला निघण्याआधी हे वाच

सोलापूर,
२४ जानेवारी

प्रिय मंदा,
सप्रेम नमस्कार.

तू आणि भावजी मार्चमध्ये आइसलँडला निघालाय हे ऐकून इतका आनंद झाला की फोनवर काय बोलू न् काय नको असं झालं. त्यात गड्डा यात्रेला आलेले पाहुणे, कारखान्यात लग्नसराईच्या ऑर्डरी. बोलणं अर्धवटच राहिलं. म्हणून आज सवडीनं लिहायला बसलेय.

तिथल्या गरम पाण्याच्या प्रसिद्ध निळ्या तळ्याबद्दल तू विचारलंस, "ब्लू लगूनचं तिकीट केवढं महाग आहे गं, काढू का?" काढ. पण त्याआधी मला दुसरंच सांगायचंय. रेक्याविकला, म्हणजे तिथल्या राजधानीत, पोचलात की पहिल्या संध्याकाळी गावातल्या सार्वजनिक पोहण्याच्या तलावावर जा. ब्लू लगूनच्या एका तिकिटात तिथे कितीतरी वेळा जाऊन येशील. पण मी पैशासाठी म्हणत नाही. बाकी ठिकाणी पाणी बघायला मिळतं, तिथे माणसं भेटतात.

त्या देशात गावाला देऊळ असावं तसा तलाव असतो. उघड्यावरचा, आणि भर हिवाळ्यातही चालू. मोठा पोहण्याचा तलाव असतोच, पण त्याच्या कडेला छोटी छोटी गोल टाकी असतात, त्यांना ते 'हॉट पॉट' म्हणतात. प्रत्येकावर पाण्याचं तापमान लिहिलेलं: ३८, ४०, ४२, ४४. शाळकरी पोरं, कामावरून आलेले ड्रायव्हर, निवृत्त मास्तर, सगळे गळ्यापर्यंत पाण्यात बसून गप्पा मारतात. अंगावर पोहण्याचा पोशाख एवढाच, त्यामुळे कोण साहेब न् कोण शिपाई हे कळायला मार्गच नाही. आम्ही आइसलँडला गेलो होतो तेव्हा रेक्याविकमधल्या लॉयगारदालच्या तलावावर जायचो. तो तिथला सगळ्यांत मोठा, १९६८चा. दारातून बाहेर पडलं की बर्फाळ वाऱ्यातून अनवाणी पळत टाकं गाठायचं. अंग पाण्यात बुडालं की थंडी जागच्या जागी संपते, फक्त केसांवर दव गोठून पांढरे कण धरतात. माझ्या मुलाच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

आता नियम. तो कडक आहे आणि तू तो मनापासून पाळ. पोशाख चढवण्याआधी सगळे कपडे उतरवून, साबण लावून अंघोळ करायची. भिंतीवर माणसाचं चित्र असतं, त्यात डोकं, काखा, जांघा, पावलं रंगवून दाखवलेली, की इथे साबण लागलाच पाहिजे. बायकांचा भाग वेगळा असतो, पण आत बहुतेक ठिकाणी आडोसा नाही. मला पहिल्यांदा धस्स झालं, खोटं कशाला बोलू? पण शेजारी एक आजी नातीच्या पाठीला साबण लावत होती, दोघी-तिघी केस धूत बोलत होत्या, आणि कोणाचंही कोणाकडे लक्ष नव्हतं. आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात आपल्या बायका अंघोळ करून लुगडी बदलतात, तेव्हा कोण बघतं कोणाकडे? तोच निर्मळपणा मला तिथे दिसला. तरी अवघड वाटलं तर काही ठिकाणी एखादा पडद्याचा शॉवर असतो, तो घे. पण अंघोळ चुकवू नकोस. तलावात क्लोरीन कमी घालता यावं म्हणून हा नियम आहे. एकाच्या अंगाचा मळ दुसऱ्याच्या पाण्यात जाऊ नये, एवढी साधी गोष्ट सगळा देश पाळतो. आपल्याकडच्या गरम पाण्याच्या कुंडांवर लोक कुंडातच साबण चोळताना, कपडे पिळताना पाहिलेत ना आपण? मला त्याचं फार वाईट वाटतं. पाणी आपल्यालाही देवानं दिलंय की गं.

तिथे एक बाई भेटली, सत्तरीच्या पुढची. बेचाळीसच्या टाक्यात माझ्या शेजारी बसली होती. इंग्रजीत विचारलं, कुठून आलात? मी सोलापूर सांगितलं. ते कुठे ते सांगताना चव्वेचाळीसच्या पाटीकडे बोट केलं न् म्हटलं, मे महिन्यात आमच्या गावची हवाच एवढी तापते. ती बघतच राहिली. मग तिनं विचारलं, "आणि पाणी?" मी उजनी धरणाचं सांगितलं, नळाला रोज पाणी येत नाही ते सांगितलं, पिंपं भरून ठेवतो ते सांगितलं. ती सगळं नीट ऐकत होती. मग म्हणाली, माझ्या आजीनंही पाण्यासाठी पाय झिजवलेत, गरम पाण्यासाठी.

मंदे, हे मला माहीतच नव्हतं. ज्या लॉयगारदालमध्ये आम्ही बसलो होतो, तिथेच पूर्वी उकळत्या पाण्याचे झरे होते. रेक्याविकच्या बायका धुण्याची ओझी पाठीवर घेऊन तीनेक किलोमीटर चालत तिथे यायच्या, बर्फात, अंधारात. तोल जाऊन पाण्यात पडून काही जणी भाजून मेल्या, तेव्हा कुठे झऱ्यांवर लोखंडी जाळ्या बसवल्या. आज गावातला खरेदीचा मुख्य रस्ता आहे, लॉयगावेगुर, तो मुळात या धुणं नेणाऱ्या बायकांसाठी केलेला. १९३० साली त्याच झऱ्यांच्या जागेवरून नळ टाकून पाणी एका शाळेला आणि काही घरांना दिलं. आज देशातली दहातली नऊ घरं जमिनीतल्या उष्णतेवर ऊबदार राहतात. त्या रस्त्यावर गेलीस की दुकानं बघ, पण त्या बायकांचीही आठवण काढ.

तलाव तरी का बांधले? तर हे लोक मासेमारीवर जगणारे, आणि पोहता फारसं कोणाला येत नसे. किनाऱ्याच्या तोंडाशी येऊन माणसं बुडायची. म्हणून १९४० साली शाळेत पोहणं सक्तीचं केलं. ज्या मौजेला आपण इतक्या लांब जातो, ती अशा दुःखातून उभी राहिलीय, हे कळल्यावर मला त्या पाण्याबद्दल वेगळाच आदर वाटायला लागला.

भावजींना आवडेल ते आता लिहिते. ते विचारतीलच, पाणी तापतं कशानं. आइसलँड आहे अटलांटिक महासागराच्या मधल्या भेगेवर. एका बाजूला युरेशियाचं भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड तुकडा, दुसऱ्या बाजूला उत्तर अमेरिकेचं, आणि दोन्ही वर्षाला साधारण २ सेंटिमीटरनं लांब जातायत. पाऊस न् बर्फाचं पाणी खडकात मुरतं, खाली तापतं आणि भेगांतून वर येतं. देल्दारतुंगुक्वेर नावाचा झरा जरूर बघा. सेकंदाला १८० लिटर पाणी, तेही ९७ अंशाचं! तिथून ते ६४ किलोमीटरवरच्या आक्रानेस गावापर्यंत नळानं जातं. कठड्याशी उभं राहिलं की वाफेनं चष्मा धुरकटतो आणि पायाखाली पाणी गुरगुरत असतं. जवळच रेकहोल्तला स्नोरी स्तुर्लुसोन या लेखकाचं दगडी कुंड आहे. हा १२४१ साली मारला गेला, म्हणजे ज्ञानेश्वर माउलींच्याही आधीचा माणूस. मी त्या कुंडाच्या काठावर हात टेकून बराच वेळ बसले होते.

खडक बघशील तर ओळखीचा वाटेल. काळा बेसाल्टच तो, आपल्या सोलापूरखाली आहे तसाच. आपला साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झाला, त्यांचा अजून शिजतोय.

आणि खरंच शिजतोय, म्हणून ब्लू लगूनबद्दल सावध करते. २०२३च्या नोव्हेंबरात शेजारचं ग्रिंदाविक गाव, जवळजवळ ३,८०० माणसं, एका रात्रीत हलवावं लागलं. डिसेंबरपासून ज्वालामुखीचे उद्रेक सुरू झाले, जानेवारीत लाव्हा गावातल्या घरांपर्यंत आला, आणि २०२४च्या नोव्हेंबरात ब्लू लगूनच्या वाहनतळावर पसरला. लगून तेव्हापासून कितीदा बंद झालं न् परत उघडलं. तेव्हा तिकीट काढताना रद्द करायची सोय बघ, एखादा दिवस हातात राख, आणि जाण्याआधी त्या दिवशीची सूचना वाच.

आणखी एक. ब्लू लगून हा नैसर्गिक झरा नाही. १९७६ साली स्वार्तसेंगीचं वीजकेंद्र झालं. ते दोन किलोमीटर खोलवरून २४० अंशाचं, समुद्राचं पाणी मिसळलेलं पाणी वर काढतं. वापरून झालेलं पाणी लाव्ह्यावर सोडलं, की ते जिरून जाईल. पण त्यातल्या सिलिका नावाच्या खनिजानं खडकाची छिद्रंच बुजवली आणि तळं साठलं. १९८१मध्ये सोरायसिस या त्वचारोगाचा एक रुग्ण त्यात उतरला, त्याला आराम वाटला, मग लोक यायला लागले. दुधात निळं कालवल्यासारखा तो रंगही सिलिकाचाच. काही जण म्हणतात, कारखान्याचं पाणी, त्यात काय बघायचं? मला तसं वाटत नाही. वाया जाणारं पाणी माणसांच्या कामी लागलं, याहून चांगलं काय? काळ्या खडकांमध्ये ते निळं पाणी आणि त्यावरची वाफ बघून माझे डोळे भरून आले.

भावजींना रक्तदाबाच्या गोळ्या आहेत, तेव्हा आधी डॉक्टरांना विचार. ३८च्या टाक्यात बसू दे, चव्वेचाळीसच्या वाटेला जाऊ नका. उठताना सावकाश, कठडा धरून. पाणी पीत राहा. नळाच्या गरम पाण्याला गंधकाचा वास येतो, त्याला घाबरू नका; गार नळाचं पाणी मात्र थेट पिण्यासारखं, बाटल्या विकत घेऊ नका. लॉयगारवात्न गावी गरम मातीत डबा पुरून 'राय' नावाच्या धान्याचा पाव भाजतात, चोवीस तास. लोण्याबरोबर गरम गरम खा. तरी कडक भाकरी न् शेंगाचटणी बरोबर असू दे.

टॉवेल तिकडे भाड्यानं घेऊ नकोस. आपल्याच कारखान्यातले दोन बाजूला काढून ठेवलेत. जाड नाहीत, मध्यम वजनाचे. फार जाड टॉवेल त्या थंडीत रात्रभर ओला राहतो. शॉवरजवळ टॉवेल ठेवायला खण असतात; तिथेच अंग कोरडं करून मग कपड्यांच्या खोलीत जायचं, तिथली फरशी ओली केलेली त्यांना चालत नाही. पुढच्या आठवड्यात आमचा मुलगा हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर पाठवते.

भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
शैला

ता. क. जोडवी न् पैंजण घरीच काढून ठेव. गंधकाच्या पाण्यानं चांदी काळी पडते. ब्लू लगूनमध्ये केस भिजवू नकोस, सिलिकानं ते काथ्यासारखे होतात. आधी भरपूर कंडिशनर लावून वर अंबाडा बांध.