चि. मुक्तास

रामबाग, इंदूर

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

रविवारी मी मधेच फोन ठेवला, ते चुकलंच. आई अजून माझ्याशी धड बोलत नाही. सायकलचा विषय काढायचा नाही असं ठरवूनच लिहायला बसलोय. पण रात्री अकराला लॅबमधून निघतेस, तर मागचा लाल दिवा तरी लावून घे.

तू म्हणालीस, भ्रूणातच जनुक दुरुस्त करता आलं असतं तर दादा आज असता. मला पुढे बोलवेना. थॅलेसेमियामुळे त्याच्या अंगात रक्तच नीट तयार होत नव्हतं. दर तीन आठवड्यांनी त्याला सायकलच्या दांड्यावर बसवून रक्त चढवायला न्यायचो. दांड्याला जुना टॉवेल गुंडाळलेला. जाताना त्याची मान माझ्या हातावर कलंडलेली असायची. येताना राजवाड्यापासून घरापर्यंत घंटी वाजवत यायचा. त्या दिवसांत कुणी कुठलाही कागद पुढे केला असता, तर मी न वाचता सही केली असती.

भीती वाटते ती त्याचीच. 2018 साली चीनमध्ये ‘हे जियानकुई’ नावाच्या शास्त्रज्ञाने जुळ्या मुलींची जनुकं भ्रूणातच बदलली. त्यांच्या आईवडिलांनीही सही केलीच होती ना? त्या शास्त्रज्ञाला तीन वर्षांची शिक्षा झाली. पण त्या पोरींच्या अंगातला बदल त्यांच्या लेकरांतही उतरू शकतो. त्या लेकरांना कोण विचारणार?

तुमचं काम वेगळं, हे मला कळतं. पेशंटच्याच रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी काढायच्या, क्रिस्परने, म्हणजे जनुकं कापून बदलायच्या तंत्राने, बदलून परत द्यायच्या. असा उपचार थॅलेसेमियासाठी ब्रिटनने 2023 मध्ये मंजूर केला, तेव्हा मी कात्रण कापून दादाच्या फाइलला लावलं. तो बदल पुढच्या पिढीत जात नाही. माझी मुलगी यावर काम करते, हे इथे कुणाला सांगायचं बाकी ठेवलेलं नाही.

तू आणि तुषार दोघेही थॅलेसेमिया मायनर, म्हणजे स्वतःला आजार नाही, पण सदोष जनुक अंगात आहे. दर खेपेला बाळाला दादासारखा आजार होण्याची शक्यता चारांत एक. गरोदरपणाच्या दहाव्या-बाराव्या आठवड्यात गर्भाची तपासणी होते, ती टाळू नका, वेळेत... हे मी तुलाच शिकवतोय. माफ कर. निर्णय तुम्हा दोघांचा.

फक्त रात्री ट्रकच्या डाव्या अंगाने पुढे घुसू नकोस. वळताना त्याला तू दिसत नाहीस.

दादाची घंटी तेलपाणी करून कुरिअरने पाठवतोय. तुषारला स्क्रू घट्ट बसवायला सांग. आणि दिव्याचं बघ.

तुझा,
बाबा